खालच्या खोलीत काय आहे?

परवा सकाळी दूधवाल्याच्या आधी टेम्पो आला. साडेपाच वाजले असतील. आमची सिडकोतली गल्ली एवढी, की एक टेम्पो उभा राहिला की स्कूटी काढायलासुद्धा ड्रायव्हरची परवानगी घ्यावी लागते. "मावशी, दोनच मिनिटं हां," असं तो म्हणाला आणि पाऊण तास समोरच्या घराच्या तळमजल्यात खोकी उतरत राहिली. मी रांगोळीचा डबा हातात घेऊन पायरीवर उभी. रांगोळी काढणार कुठं? तिथं टायर होतं.

तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय आहे? टेम्पो काय सगळीकडेच येतात. पण त्या दिवशी रिकामपणी मी आमच्या गल्लीतली घरं मोजली. एकूण बावीस. त्यातल्या नऊ घरांच्या तळमजल्याला बाहेरून कुलूप. पंधरा वर्षांपूर्वी याच खोल्यांमध्ये काय काय होतं! एकीकडे शिवणक्लास, एकीकडे दहावीच्या शिकवण्या, कोपऱ्यावर पार्लर, बाकी ठिकाणी भाडेकरू. नवीन लग्न झालेली जोडपी, वाळूजला कंपनीत जाणारी पोरं. संध्याकाळी या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. आता कुलुपं आहेत. आत काय आहे, ते वर राहणाऱ्या बाईलाही नीट सांगता येत नाही.

आणि खरं सांगू का? या नऊ कुलुपांसारखंच एक कुलूप दोन वर्षं माझ्याच घराला होतं.

यांची निवृत्ती झाली, माझीही शाळा सुटली, त्यानंतरची ही गोष्ट. पेन्शन होती, पण मुलाच्या घराचा हप्ता आणि आईचं आजारपण यात ती पुरेना. खालची खोली रिकामी होती. भाडेकरू ठेवायचा म्हणजे पाण्याची कटकट. आमच्या शहरात पाणी किती दिवसांनी येतं ते मराठवाड्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको. नळाला पाणी आलं की वरचे आणि खालचे यांच्यात महाभारत. त्यातच बाजारपेठेतला एक व्यापारी विचारत आला. त्याला फक्त माल ठेवायचा होता. पाणी नको, संडास नको, रात्रीअपरात्री ये-जा नाही. महिन्याला सहा हजार, तेही एक तारखेला रोख. "काकू, कपड्याचे गठ्ठे आहेत नुसते," तो म्हणाला. मला तर देवच पावल्यासारखं झालं. गठ्ठे भांडत नाहीत, पाणी मागत नाहीत! ते पैसे माझ्या हातात यायचे. आयुष्यभर नोकरी केली तरी पगार घरखर्चात जायचा. हे सहा हजार मात्र पहिल्यांदाच 'माझे' होते.

आता गंमत ऐका. त्याच काळात पैठणला आई पडली आणि तिला कायमचं आमच्याकडे आणावं लागलं. तिची भाड्याची जागा सोडायची होती. साठ वर्षांचा संसार! तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, जातं, दोन लोखंडी ट्रंका, शिसवी देवघर, आणि तिनं स्वतः शिवलेल्या अकरा गोधड्या. विकायला ती तयार नाही. "मी आहे तवर असू दे गं, मग काय करायचं ते करा," म्हणाली. वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या, त्यातली मागची बाजू पाण्याच्या टिपाडांनी अडवलेली. म्हणजे माझ्या खालच्या खोलीत परक्याचे गठ्ठे, आणि माझ्या आईच्या सामानाला जागा नाही.

शेवटी शहराच्या टोकाला एका गुंठेवारी वसाहतीत पत्र्याचं शेड असलेला एक माणूस सापडला. 'घरगुती सामान ठेवण्याची सोय' अशी पाटी होती. महिन्याला अठराशे. पावती म्हणून वहीच्या कागदावर 'सामान मिळाले' एवढं लिहून दिलं. पावसाळ्यात शेडमध्ये पाणी शिरलं. गोधड्या पंधरा दिवस ओल्या राहिल्या. आम्हाला कळलं तेव्हा त्यांना वास सुटला होता, देवघराचे पाय फुगले होते. भरपाई मागितली तर म्हणाला, "ताई, मी जागा दिली, जिम्मेदारी कुठं घेतली?" तक्रार कुठं करायची? दुकान म्हणावं तर ते दुकान नव्हतं, गोदाम म्हणावं तर गोदाम नव्हतं. कागदावर तिथं कुणाचं तरी राहतं घर होतं.

आईला मी चार गोधड्यांबद्दल खोटं सांगितलं. बाकीच्या सात धुऊन आणल्या.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. सामान ठेवायला जागा लागणं ही काही चैन नाही. बदलीची नोकरी असलेल्यांना लागते. पोरगी संसार मोडून माहेरी येते तेव्हा तिच्या फ्रिज-कपाटाला लागते. वडिलांच्या माघारी गावचं घर विकलं की लागते. होस्टेल सोडणाऱ्या मुलांना सुट्टीपुरती लागते. पूर्वी वाडे होते, माळे होते, कणग्या आणि बळदं होती. धान्यापासून पाळण्यापर्यंत सगळं घरातच मावायचं. आता सहाशे फुटांच्या फ्लॅटमध्ये दिवाळीचा आकाशकंदील ठेवायचा म्हटलं तरी पलंग उचलावा लागतो.

माझा भाऊ पुण्यात असतो. तो वर्षभरासाठी परदेशी गेला तेव्हा त्यानं सगळं घर एका 'सेल्फ स्टोरेज'वाल्यांकडे ठेवलं. खोक्याखोक्यावर नंबर, फोटो, विमा, कॅमेरा, महिन्याचं भाडं ऑनलाईन. मला नवल वाटलं. हा धंदा मूळचा अमेरिकेतला. १९६० च्या दशकात टेक्सासमध्ये अशी भाड्याची कुलूपबंद खुराडी सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. एवढी पसरली, की शहरांना नियम करावे लागले. न्यूयॉर्कनं २०१७ मध्ये औद्योगिक भागातल्या या कोठारांवर बंधनं आणली. कारण असं, की ही कोठारं जागा भरपूर अडवतात आणि काम मात्र चार माणसांना देतात. म्हणजे तिथं वाद कारखान्यांची जागा जाते यावर. आपल्याकडे कारखान्याची नाही, माणसं झोपतात ती जागा जातेय. भानगड तिथं आहे.

आमच्या शहराचंच बघा ना. सिडकोनं सत्तरच्या दशकात इथं वसाहती आखायला घेतल्या तेव्हा घरं वेगळी, दुकानांची संकुलं वेगळी, कारखाने चिकलठाणा आणि पुढे वाळूजच्या एमआयडीसीत, अशी मांडणी केली होती. २००६ मध्ये या वसाहती महापालिकेकडे आल्या. दुसरीकडे गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे घेऊन लोकांनी घरं बांधली. पुंडलिकनगर, जयभवानीनगर आणि अशा शंभरावर वसाहती. कामगारांना परवडणारी जागा दुसरीकडे नव्हतीच, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. सरकारनं २००१ मध्ये ती घरं नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेतलं. पण नियमित झालं ते घर. रस्ता वीस फुटांचा होता तो वीसच राहिला. त्या वीस फुटांत आता टेम्पो येतो.

आणि माल वाढला तो तर विचारूच नका! पूर्वी गुलमंडी, शहागंज, मोंढा इथल्या दुकानाच्या मागंच माल असायचा. आता दुकानाच्या जागेचा भाव एवढा, की मागची खोलीही 'काउंटर' झाली, आणि माल गेला गल्लीत. मग मोबाईलवरून साडी मागवायची आपली हौस. ती साडी दारात येण्याआधी कुठल्यातरी खोलीत एक रात्र काढते. ती खोलीही अशाच एखाद्या गल्लीतली. २०२५ च्या जूनमध्ये मुकुंदवाडीपासून रस्ता रुंदीकरणाची पाडापाडी सुरू झाली, मग बीड बायपास, पडेगाव असं करत ती पुढे गेली. रस्ते मोकळे झाले, त्याचं कौतुकच. पण ज्यांची दुकानं कापली गेली त्यांचा माल हवेत तर विरला नाही. आमच्याच गल्लीत त्या पावसाळ्यात दोन नवी कुलुपं आली.

आता नियमांचं बघू. कंटाळू नका, थोडक्यात सांगते. मलाही हे पुतण्यानं समजावलं, तो नगररचनेचं शिकलाय.

महाराष्ट्रात १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ फार मजेशीर आहे. वीटही न हलवता इमारतीचा नुसता वापर बदलला, राहत्या खोलीचं गोदाम केलं, तरी तो कायद्यानं 'विकास', आणि त्याला परवानगी लागते. (म्हणजे मी सहा हजार भाड्यात शहराचा विकास करत होते म्हणायचं!) परवानगी न घेता केलं तर नोटीस, दंड, गुन्हा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं एकच एकत्रित नियमावली आणली. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर ती सगळ्यांना लागू. नुसतं आमचं शहर नाही, तुमचं वैजापूर, पैठण, अंबड, माजलगावसुद्धा. तिच्यात राहता विभाग, व्यापारी विभाग, औद्योगिक विभाग, शेती विभाग असे भाग आहेत, आणि कुठं काय चालेल हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता अरुंद असेल तर घर आणि घराला लागणारी छोटी दुकानं. रस्ता रुंद असेल तर जास्त मुभा. मुळातला विचार मला पटतो. ज्या रस्त्यात अग्निशमनची गाडी वळत नाही तिथं माल साठवू नये, इतकं साधं आहे ते.

मग अडतं कुठं? अडतं ते नावात. माझ्या भावाची खोकी, माझ्या आईची घंगाळं, व्यापाऱ्याचे गठ्ठे आणि कुणाच्यातरी सॅनिटायझरच्या कॅन हे सगळं आपण 'गोदाम' या एकाच शब्दात कोंबतो. गोदाम म्हटलं की राहत्या गल्लीत बंदी, आणि बंदी म्हटलं की सगळं चोरून. चोरून म्हटलं की ना अग्निशमनची तपासणी, ना विमा, ना धड पावती. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या इमारतींचा गट वेगळा, साठवणुकीच्या इमारतींचा वेगळा, आणि धोकादायक मालाचा त्याहून वेगळा. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मोठ्या इमारतींच्या मालकांनी दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पण हे सगळं कुणाला? ज्यानं 'माझं गोदाम आहे' असं सांगितलं त्याला. आमच्या गल्लीतल्या नऊ कुलुपांपैकी कुणी सांगितलंय? मीही सांगितलं नव्हतं. घरपट्टीत 'राहता वापर' होता तो तसाच ठेवला, कारण बिगरराहता लिहिलं तर पट्टी वाढते. आता लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय करू.

३ एप्रिल २०२४ ची पहाट. छावणीतल्या दाणाबाजारात एका इमारतीच्या तळमजल्यावर कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा जीव गेला. तीन बायका, दोन पुरुष, दोन लहान लेकरं. ज्वाळा वर पोहोचण्याआधी धूर पोहोचला. छावणीचा कारभार वेगळा, तिथं छावणी परिषद असते, महापालिका नाही. पण धुराला हद्द कुठं कळते?

बातमी मी सकाळी चहा पिताना वाचली. कप तसाच राहिला. 'तळमजल्यावर कपडे' एवढे दोनच शब्द मला दिसत होते. माझ्या पायाखालीही तेच होतं ना.

त्या दिवशी मी पहिल्यांदा व्यापाऱ्याला खोली उघडून दाखव म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! कपड्याचे गठ्ठे होते, छतापर्यंत. त्यांच्या मागे डासांच्या स्प्रेचे डबे, थिनरच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या फुलांची पोती. मीटरचा बोर्ड गठ्ठ्यांनी झाकलेला. आणि आमचा जिना त्याच खोलीला चिकटून वर जातो. दुसरा रस्ता नाही. आईला तर आता चालताही येत नाही. "अहो, हे कपडे आहेत का?" विचारलं तर म्हणाला, "काकू, थोडाच माल आहे, सीझनचा." वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही जागा नव्हती, मलाही पैसे हवे होते, आणि मधे विचारणारं कुणी नव्हतं.

आधीच्या गोष्टी आपण विसरतो. २०१६ च्या दिवाळीत औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली, शंभराहून जास्त दुकानं जळाली. ते निदान मैदान होतं, लोक पळू शकले. पुण्याजवळ उरुळी देवाचीला मे २०१९ मध्ये साड्यांच्या गोदामात आत झोपलेले ५ कामगार गेले, दार बाहेरून बंद होतं. दिल्लीत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अनाज मंडीत दाट वस्तीतल्या एका इमारतीत ४३ जण गेले. २०२३ संपता संपता आमच्या वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्यात ६ कामगार गेले, तेही आतच झोपलेले. वाळूज एमआयडीसी आहे, म्हणजे विभाग अगदी बरोबर होता. तरी माणसं गेली. म्हणून 'सगळं उचला आणि एमआयडीसीत टाका' असं कुणी म्हणालं की मला पुरतं पटत नाही. माल कुठं ठेवला हा एक प्रश्न झाला, आणि मालाजवळ कुणी झोपतं का, हा दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा.

मी खोली रिकामी करून घेतली. घरात दोन महिने कुरकुर चालली. यांचं म्हणणं, "सगळ्या गल्लीत आहे, आपल्यालाच काय होणार?" सहा हजार गेले ते गेलेच. पण माझी पेन्शन आहे. माझ्यासारखं सगळ्यांना जमेल का? आमच्या मागच्या गल्लीत एक वहिनी आहेत. नवरा गेला, पेन्शन नाही, मुलगी बारावीला. तळमजल्याचे सात हजार हाच त्यांचा महिना. मी त्यांना दाणाबाजारचं सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, आगीची भीती मला रोज रात्री वाटते. पण भाडं गेलं तर एक तारखेला काय करू, ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा घेतला आणि आले.

म्हणूनच एखाद्या दिवशी पथक येऊन सगळ्या कुलुपांना सील लावेल, अशी कारवाई मला नको आहे. सील लागलं तर माल पुढच्या वसाहतीत जाईल, अजून अरुंद गल्लीत, अजून गरीब बाईच्या खोलीत. भिवंडी तालुक्यात नाही का, शेतजमिनीवर परवानगीविना गोदामांची रांगच्या रांग उभी राहिली, आणि मग पाडायची की नियमित करायची यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. आधी डोळे मिटायचे आणि मग बुलडोझर आणायचा, ही आपली जुनी रीत. यात मधल्या मधे भाडं घेणारी बाई सापडते. माल उचलून व्यापारी जातो, नोटीस मात्र घरमालकिणीच्या नावाची.

माझं म्हणणं साधं आहे. घरगुती सामान ठेवण्याची सोय हा वेगळा वापर म्हणून नियमात स्पष्ट लिहावा. व्यापारी माल वेगळा, आणि जळणारं-उडणारं काहीही असेल तर ते वस्तीत नाहीच, एक बाटलीही नाही. घरगुती सामानाच्या जागेला रुंद रस्त्यावर खुशाल परवानगी द्या. एमआयडीसीच्या कडेला बंद पडलेल्या शेड आहेत, तिथंही द्या. पण फार लांब नको. आईची ट्रंक उघडायला मला शेंद्र्यापर्यंत जावं लागलं तर मी पुन्हा पत्र्याच्या शेडवाल्याकडेच जाणार. तिथं पावती, विमा, सामानाची यादी सक्तीची करा. आणि ज्या इमारतीला एकच जिना आहे आणि वर माणसं झोपतात, तिच्या तळमजल्यावर साठा नाही, मग रस्ता शंभर फुटी का असेना. हा एक नियम पाळला गेला तरी मी बाकीच्यांवर भांडणार नाही.

आणि वहिनींसारख्यांना मुदत द्या. दीड-दोन वर्षं. माल उठवल्यावर त्या खोलीत शिवणक्लास, पाळणाघर, खानावळ असं माणसांचं काही सुरू करायचं असेल तर परवानगी एका खिडकीत मिळू दे, आणि पट्टी पहिल्या दिवसापासून दुप्पट नको. आज काय होतं, की पाळणाघर काढणाऱ्या बाईला सतरा कागद मागतात आणि थिनर ठेवणाऱ्याला कुणी काहीच विचारत नाही! मुलं दिसतात ना, गठ्ठे दिसत नाहीत.

या गोष्टी सांगायच्या कुठं? शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये असा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. हरकतींचा ढीग पडला. ओळखीच्या घरांमधून ज्या गेल्या त्या पाहिल्या, तर सगळ्या 'माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा' आणि 'माझ्या जागेतून रस्ता नेऊ नका' अशा. सगळ्या पुरुषांच्या सहीच्या. सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून हरकतही त्यांची. पण हरकत घ्यायला सातबारा लागत नाही. त्या शहरात राहणं पुरतं. साध्या कागदावर अर्ज, नाव, पत्ता, गल्लीची अडचण, सही आणि पोच. तुमच्या नगरपालिकेचा आराखडाही कधी ना कधी निघणार, आणि तेव्हा महिनाभराचीच मुदत असते. ती बातमी पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. रद्दीत टाकण्याआधी तेवढी बघत जा. एकटीला अवघड वाटलं तर भिशीच्या दिवशी दहाजणींनी मिळून लिहा. भिशीत आपण एवढं बोलतो, त्यातलं अर्धं लिहिलं तरी फाईल भरेल.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर एक करता येतं, आणि ते मी दोन वर्षं केलं नाही. खाली काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. किल्लीची एक जोडी आपल्याकडे ठेवायची. मीटर आणि जिना मोकळा नसेल तर भाडं नाही, हे आधीच सांगायचं आणि करारात लिहून घ्यायचं. 'काकू, विश्वास नाही का?' असं समोरचा म्हणेल. म्हणू दे.

आमच्या खालच्या खोलीत आता आईचं सामान आहे. बंब, घंगाळ, फुगलेल्या पायांचं देवघर, आणि सात गोधड्या. दार रोज उघडतं. दुपारी समोरच्या घरातल्या दोन मुली तिथं अभ्यासाला बसतात, त्यांच्या घरी खाली खोकी असल्यामुळे जागा नाही. त्यांच्या आईला मी काल विचारलं, "अगं, त्या टेम्पोतून उतरलं ते काय होतं?" ती म्हणाली, "माहीत नाही बाई, ह्यांनाच माहीत." मग जरा थांबून म्हणाली, "आज विचारते."

संध्याकाळी ती किल्ली घेऊन माझ्याकडे आली. "चला ताई, सोबत बघू."